एमडीसी (मिथिलीन क्लोराइड): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडीसी म्हणजे रंग काढायला, अ‍ॅक्रिलिक जोडायला आणि प्रयोगशाळेत वापरतात ते चटकन उडणारं, रंगहीन द्रावक (दुसरे पदार्थ विरघळवणारं द्रव). त्याबद्दल मला विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे असतात. मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यांत अ‍ॅक्रिलिकचं काम करणारे, एमएस्सीची पोरं आणि घरात रंगकाम निघालेले सोसायटीवाले. मी बरीच वर्षं औषध कारखान्यांच्या सेफ्टी विभागात काढली, त्यामुळे हे द्रव ड्रमनं पाहिलंय. तेच ते प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. घाईत असाल तर प्रश्न ५ आणि १४ आधी वाचा. समोर कुणी आडवं पडलं असेल तर थेट १५.

१. एमडीसी, मिथिलीन क्लोराइड, डायक्लोरोमिथेन हे तीन वेगळे पदार्थ आहेत का?

एकच. बिलावर ‘मिथिलीन डायक्लोराइड’ किंवा नुसतं ‘एमडीसी’ असतं, प्रयोगशाळेच्या बाटलीवर डायक्लोरोमिथेन, पेंट रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड. नावांत गोंधळ वाटला तर लेबलवर ७५-०९-२ हा क्रमांक शोधा. टँकर आणि ड्रमवर यूएन १५९३ हा धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो.

रेणू अगदी साधा आहे: एक कार्बन, दोन हायड्रोजन, दोन क्लोरीन. १८३९ साली आंरी व्हिक्तोर रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं क्लोरोमिथेन आणि क्लोरीन यांचं मिश्रण उन्हात ठेवून तो पहिल्यांदा मिळवला.

२. पाच लिटरचा कॅन इतका जड का लागतो? भेसळ आहे का?

भेसळ नाही. एक लिटर एमडीसी १.३३ किलो भरतं, म्हणजे पाच लिटरचे साडेसहा किलोच्या वर. साधारण दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम याच कारणानं ‘अडीचशे किलोचा’ म्हणून विकला जातो. पाण्यात ते फारसं मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतं. त्याची वाफसुद्धा हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. हा जडपणा लक्षात ठेवा, पुढे प्रश्न १३, १४ आणि १९ मध्ये तो आडवा येणार आहे.

३. एप्रिल-मे महिन्यात झाकण सैल केलं की फुस्स करून उडतं. माल खराब झालाय का?

माल ठीक आहे, तुमची शेड गरम आहे. एमडीसी ३९.६ अंश सेल्सिअसला उकळतं. दुपारी पत्र्याखाली तेवढं तापमान मुंबईत सहज होतं, म्हणजे ड्रममधला माल उकळायच्या बेतात असतो. झाकण एका झटक्यात फिरवलं की चेहऱ्यावर कारंजं. ड्रम सावलीत हलवा, शक्यतो सकाळी उघडा, बुचावर जाड फडकं टाका आणि अर्धा आटा फिरवून हवा निघू द्या. तोंड बाजूला ठेवा, डोळ्यांवर गॉगल हवाच.

फुगलेला प्लॅस्टिकचा कॅन दिसला तर तो डोक्याजवळच्या फळीवर ठेवू नका. फळी हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण मी तो तिथेच ठेवलेला पाहिलाय.

४. याला आग लागत नाही म्हणतात. मग थिनरपेक्षा हे सुरक्षित नाही का?

हा युक्तिवाद मी सगळ्यात जास्त ऐकतो. अर्धी बाजू खरी आहे. एमडीसीला नेहमीच्या अर्थानं फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटते तो बिंदू) नाही. काडी लावली म्हणून थिनरसारखा भडका उडत नाही. हवेत वाफेचं प्रमाण साधारण १३ ते २३ टक्के झालं आणि भक्कम ठिणगी मिळाली तर मात्र तीही पेटते. बंद टाकीत तेवढं प्रमाण होऊ शकतं.

उरलेली बाजू आगीपेक्षा वाईट. वाफ शेगडीच्या ज्योतीवरून, हीटरच्या लाल तारेवरून किंवा वेल्डिंगजवळून गेली की तिचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि थोडा फॉस्जीन तयार होतो. हायड्रोजन क्लोराइड घशाला झोंबतो, माणूस पळतो. फॉस्जीन कधीकधी फारसा झोंबतही नाही आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून एमडीसीचं काम चालू असताना त्याच गाळ्यात चहाची शेगडी नको, बिडी नको, वेल्डिंग नको.

५. वास येत नाही म्हणजे हवा ठीक आहे ना?

नाही. हे एकच उत्तर सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

वास गोडसर असतो, त्रासदायक नसतो, काहींना तर आवडतोही. बहुतेकांना तो हवेत साधारण दीडशे ते तीनशे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे इतके भाग) झाल्यावरच कळतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं १९९७ साली ठरवलेली आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम आहे आणि तिथल्या पर्यावरण खात्यानं २०२४ मध्ये ती २ पीपीएमवर आणली. म्हणजे नाकाला पहिली चाहूल लागते तोवर मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते.

त्यात नाक सरावतं. दहा-पंधरा मिनिटांत वास ‘गेला’ असं वाटतं. तो गेलेला नसतो, तुम्ही त्याची दखल घेणं थांबवलेलं असतं. बाहेरून चहा घेऊन आलेला पोऱ्या दारातच म्हणतो, ‘काय वास मारतोय!’ आणि आतले चौघे एकमेकांकडे बघतात. अशा वेळी पोऱ्याचं ऐका.

६. थोडंसंच वापरतो हो, अर्धा कप. त्यानं काय होणार?

हिशेब करून बघू. १०० मिलिलिटर एमडीसी पूर्ण उडालं की सुमारे ३८ लिटर वाफ होते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८,३०० लिटर हवा. हवा खेळती नसेल तर प्रमाण साडेतेराशे पीपीएमच्या आसपास जातं.

आता तेच मुंबईच्या बाथरूममध्ये करा. चार बाय सहा, उंची आठ फूट, म्हणजे साधारण ५,४०० लिटर. प्रमाण ७,००० पीपीएम. जिवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी २,३०० पीपीएम आहे. अर्ध्या कपात तिच्या तिप्पट. प्रत्यक्षात सगळं एकदम उडत नाही, थोडी हवा जात-येतही असते, पण खाली वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशी प्रमाण सरासरीपेक्षा जास्तच असतं.

७. संध्याकाळी घरी गेल्यावर डोकं ठणकतं, कामावर असताना नाही. असं का?

कारण शरीर त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनवतं. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसं ज्यानं दगावतात, तोच वायू.

श्वासातून एमडीसी रक्तात जातं. आधी मेंदूवर परिणाम होतो: हलकं वाटणं, झिंग, मळमळ, जीभ जड होणं. मग यकृतातलं एक एन्झाइम त्याचा काही भाग फोडतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हे १९७२ साली उघड झालं. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि प्राणवायूला जागा राहत नाही.

एमडीसी चरबीतही साठतं आणि तिथून सावकाश सुटत राहतं. म्हणून तुम्ही साकीनाक्याहून निघून अंधेरीला लोकल पकडली, घरी पोचलात, तरी कारखाना आत चालूच असतो. रक्तातलं हे प्रमाण काम संपल्यावरही काही वेळ वाढू शकतं आणि उतरायला नुसता धूर नाकात गेल्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ लागतो.

प्रयोगांत ५० पीपीएममध्ये साडेसात तास बसलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या निरोगी माणसांत कार्बन मोनॉक्साइडनं अडलेलं हिमोग्लोबिन सुमारे २ टक्के आढळलं, २०० पीपीएममध्ये सुमारे ७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याचं ते मुळातच चढलेलं असतं, त्यात ही भर.

८. चक्कर आली तेव्हा बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवलं. मग घाबरायचं कारण नाही ना?

त्या ९८ वर विसंबू नका. कोविडनंतर घरोघरी आलेलं ते यंत्र रक्ताचा रंग बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लालभडक दिसतं. माणूस गुदमरत असताना आकडा छान असू शकतो. इस्पितळात ‘कार्बॉक्सिहिमोग्लोबिन’ मोजायला सांगा. ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं आणि एमडीसीचा उल्लेख तुम्ही केला नाहीत तर डॉक्टरांच्या ते डोक्यात येईलच असं नाही.

९. आमच्याकडे शिफ्ट संपल्यावर गूळ देतात, काही ठिकाणी दूध. त्यानं उतरतं का?

नाही. गूळ खा, चांगला असतो, पण तो पोटात जातो आणि एमडीसी फुप्फुसातून रक्तात गेलेलं असतं. ताक, लिंबूपाणी, कडक कॉफी यांनाही तोच न्याय. त्याला उतारा म्हणून औषध नाही. शुद्ध हवा आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेला प्राणवायू हाच उपाय. गुळाची ढेप देऊन मालकानं एक्झॉस्टचा खर्च वाचवला असेल तर तो हिशेब कामगारानं ओळखावा.

१०. कॅन्सर होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये एमडीसी ‘गट २ए’ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता. प्राण्यांवरचे पुरावे पक्के, माणसांतले मर्यादित. शरीरात फुटण्याची एक दुसरी वाट आहे, तीत फॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि ते डीएनएशी छेडछाड करतं. संशय आहे तो मुख्यतः त्या वाटेवर.

एकदा रिमूव्हरचा वास घेतला म्हणून हा प्रश्न कुणी विचारत असेल तर झोप उडवून घेऊ नका. वीस वर्षं रोज सिरिंज हातात धरून अ‍ॅक्रिलिकचे सांधे भरणाऱ्यानं मात्र तो जरूर विचारावा.

११. मास्क लावतो की. कोणता चांगला?

कापडी मास्क, सर्जिकल मास्क, एन-९५ हे सगळे धुळीसाठी. वाफ आरपार जाते. काळ्या कोळशाचं काडतूस असलेला मास्क हार्डवेअरच्या दुकानात ‘केमिकल मास्क’ म्हणून मिळतो आणि बरेच जण त्यावर निर्धास्त होतात. एमडीसी इतकं हलक्या उकळबिंदूचं आहे की कोळसा ते फार वेळ धरून ठेवत नाही. काडतूस संपल्याची सूचना वासातूनच मिळायची, आणि वासाचं काय ते प्रश्न ५ मध्ये लिहिलंय. अमेरिकी नियम अशा मास्कला पळ काढण्यापुरतीच परवानगी देतात. खरं संरक्षण बाहेरून नळीनं हवा पुरवणाऱ्या मास्कचं, आणि तो छोट्या गाळ्यात कुणाकडे नसतो. म्हणून आधी हवा, मग कमी माल, मास्क शेवटी.

१२. हातमोजे घातले तरी हात भाजला. मोजा तर फाटला नव्हता.

फाटायची गरज नसते. पातळ नायट्राइल किंवा लॅटेक्सच्या मोज्यातून एमडीसी काही मिनिटांत पार होतं. मग ते आत अडकतं, उडून जाऊ शकत नाही आणि त्वचेवर बसून जाळतं.

माझा अनुभव एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमधला. सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचं काचेचं नरसाळं) हलवताना वाफ सोडायला विसरलो, बूच उडालं, लॅटेक्सच्या मोज्यावर थोडं सांडलं. पहिल्यांदा गारेगार वाटलं, बरं वाटलं म्हणा ना. अर्ध्या मिनिटानं अंगठीखाली निखारा ठेवल्यासारखं झालं. मोजा ओढून काढला, पण अंगठी निघेना. नळाखाली हात धरून साबणानं ती काढेपर्यंत बोटाभोवती लाल कडं उमटलं होतं. तेव्हापासून प्रयोगशाळेत अंगठी खिशात.

सांडण्याची शक्यता असेल तर अनेक थरांच्या लॅमिनेटचे मोजे लागतात. पीव्हीएचे मोजे एमडीसीला टिकतात पण पाण्यात विरघळतात, त्यामुळे घामेजल्या मुंबईत जपून. पातळ नायट्राइलचाच मोजा हाताशी असेल तर थेंब पडल्याक्षणी तो काढून नवा घाला.

१३. गाळ्यात एसी आहे आणि छताजवळ एक्झॉस्टही. पुरेसं आहे?

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. बाहेरची हवा आणत नाही. उलट एसीसाठी दारं-खिडक्या बंद होतात, म्हणजे तोटाच.

छताजवळचा एक्झॉस्ट नसण्यापेक्षा बरा, पण टेबलावरची जड वाफ आधी कामगाराच्या तोंडासमोरून वर ओढली जाते. हवा खेचायची ती टेबलाच्या मागून किंवा खालून, आणि ताजी हवा कामगाराच्या पाठीमागून यायला हवी. पोटमाळ्यावर काम चालत असेल तर वाफ जिन्यानं उतरून खाली बसलेल्या हिशेबनिसाकडे जाते. तो बिचारा रोज डोकेदुखीची गोळी घेत असतो आणि दोष चष्म्याच्या नंबरला देतो.

१४. बाबा बाथरूमच्या दाराचा जुना रंग रिमूव्हरनं काढतायत. घरात वास नको म्हणून आतून कडी लावून घेतात. हरकत नाही ना?

हे वाचताय त्या क्षणी जाऊन दार ठोठावा.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना १३ कामगार मेले, सगळे एमडीसीच्या रिमूव्हरनं. १९८० ते २०१८ मधले एमडीसीचे ८५ मृत्यू एका पाहणीत मोजले गेले. त्यांतले बरेचसे बाथरूम, टाकी अशा कोंदट जागांतले. कारण प्रश्न ६ मधल्या हिशेबात आहेच: लहान खोली, गुडघ्यावर बसलेला माणूस, जमिनीलगत साठणारी जड वाफ. आधी झिंग येते, निर्णय चुकतात, ‘एवढं संपवतो नि उठतो’ असं वाटतं आणि उठणं होत नाही.

आपल्या इमारतींत आणखी एक भानगड. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्टमध्ये वारा नसेल तर वाफ खाली सरकते आणि दुसऱ्या मजल्यावरचं रंगकाम पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीत पोचतं.

बाबांना सांगा, दार बिजागरीतून काढून गच्चीवर न्या. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, थोडं थोडं लावा. दार निघत नसेल तर प्रश्न २२ मधले पर्याय बघा. आणि कडी नको, काहीही झालं तरी.

१५. कुणी बेशुद्ध पडलं तर काय करायचं?

आत धावत जाऊ नका. टाकीत किंवा बाथरूममध्ये पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो, हे कारखान्यांत पुन्हा पुन्हा घडतं. बाहेरूनच दार-खिडक्या उघडा, १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा. दारातून हात पोचत असेल तर श्वास रोखून पायाला धरून बाहेर ओढा.

उघड्यावर आणल्यावर भिजलेले कपडे काढा, त्वचा भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर निदान १५ मिनिटं. श्वास थांबला असेल तर सीपीआर. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरतं. नळीला तोंड लावून कॅन रिकामा करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

डब्याचा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: कार्बन मोनॉक्साइड (प्रश्न ८), आणि या द्रवानं हृदय अ‍ॅड्रेनलिनला जास्त हळवं होतं. शुद्धीवर आला, ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी लगेच घरी पाठवू नका. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१६. हे क्लोरोफॉर्मच ना? आणि ट्राय, पर्क, सीटीसी?

भावंडं आहेत, एकच नाहीत. क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन तीन. ते ६१ अंशांना उकळतं आणि यकृताला जास्त वाईट. अ‍ॅक्रिलिकवाले दोन्ही वापरतात आणि कित्येकदा दोन्हींना क्लोरोफॉर्मच म्हणतात, म्हणून लेबल बघा. सिनेमात रुमाल नाकाला लावला की नायिका दोन सेकंदांत बेशुद्ध होते, ते खोटं. त्याला मिनिटं लागतात.

ट्राय म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, धातूच्या भागांचं ग्रीस काढायला. ते कर्करोगाच्या ‘गट १’ मध्ये, म्हणजे पक्कं सिद्ध. पर्क ड्रायक्लीनिंगचं, १२१ अंशांना उकळणारं. सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, कापडाचे डाग काढणाऱ्या जुन्या लोकांना आठवत असेल. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली २०१० पासून भारतात ते तसं वापरणं बंद झालं. एमडीसी त्या करारात नाही.

१७. प्रॅक्टिकलला एमडीसीचा थर खालीच असतो असं शिकवलं. माझा वर आला!

नेहमी खालीच, पण अपवाद आहे. पाण्याच्या थरात पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार भरपूर विरघळला असेल तर त्याचं द्रावण एमडीसीहून जड होतं आणि थर उलटतात. शंका आली तर एका थराचा थेंब परीक्षानळीतल्या पाण्यात टाका. मिसळला तर तो पाण्याचा थर. आणि प्रयोग पूर्ण होईपर्यंत कोणताही थर सिंकमध्ये ओतू नका. आमच्या वर्गात एकानं दोन महिन्यांचं उत्पादन असंच ओतलं होतं.

१८. कशात साठवायचं?

गडद काचेची बाटली किंवा मूळ पत्र्याचा ड्रम. अ‍ॅल्युमिनियमचा डबा, पंप किंवा फिटिंग नको. त्याच्याशी अभिक्रिया होऊन दाब वाढतो. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात नको: बाटली पांढरट पडून मऊ होते, आणि त्याहून वाईट म्हणजे रंगहीन द्रव पाणी समजून कुणी पितं. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, थर्माकोल यांना ते विरघळवतं, त्यासाठीच तर विकत घेतलंय. सोडियम किंवा सोडियम अझाइडशी संपर्क आला तर स्फोटाचा धोका, हे प्रयोगशाळावाल्यांसाठी.

१९. उरलेलं गटारात ओतलं तर उडूनच जाईल ना?

वरवरचं उडेल. बाकीचं पाण्याखाली जाऊन बसेल. रॉकेलसारखं तरंगत नाही, त्यामुळे दिसतही नाही. गटाराच्या बंद पोकळीत वाफ साठते आणि मग मॅनहोलमध्ये उतरणारा सफाई कामगार ती घेतो. जमिनीत मुरलं तर भूजल भेदून तळाच्या खडकापर्यंत उतरतं आणि वर्षानुवर्षं विरघळत राहतं. ते पाणी बोअरवेलमधून परत वर येऊ शकतं.

वापरलेलं द्रव हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. क्लोरीनवाल्या द्रावकांचा कॅन वेगळा, अ‍ॅसिटोन-अल्कोहोलचा वेगळा. मुंबई परिसराचा असा कचरा तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जातो, किंवा परवानाधारक रिसायकलरकडे.

२०. पावसात गाळ्यात पाणी शिरलं. ड्रम भिजले, चालेल?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मी ड्रम विटांवर नाही, कमरेइतक्या लोखंडी घोडीवर ठेवायला सांगतो. भरलेला ड्रम तरंगत नाही, अर्धा-रिकामा तरंगतो आणि बूच सैल असेल तर पाणी आत घेतो. ओल राहिली की हळूहळू आम्ल तयार होऊन पत्रा आतून गंजतो. पाणी ओसरल्यावर बुचाभोवती गंज आणि तळाशी पाझर बघा.

२१. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कुणीतरी ड्रम साठवतोय. तक्रार कुठे?

घातक पदार्थ साठवायला महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम ३९४ खाली परवाना लागतो. वॉर्ड ऑफिसात तो मागा. सांडपाणी-कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगारांच्या सुरक्षेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तक्रारीत ‘केमिकलचा वास येतो’ एवढंच लिहू नका. ड्रमवरचा यूएन क्रमांक, ड्रमांची संख्या आणि वेळ लिहा, फोटो जोडा. अर्ज लवकर हलतो.

२२. मग रंग काढायला दुसरं काय?

युरोपात घरगुती रिमूव्हरमधून एमडीसी २०१० च्या सुमारास हटवलं गेलं, अमेरिकेत २०१९ मध्ये. बेंझिल अल्कोहोलवर आधारित रिमूव्हर मिळतात. ते रात्रभर ठेवावे लागतात, एवढीच खोट. ‘एनएमपी’ असलेलं घेऊ नका, ते गर्भाला घातक. हीट गन आणि पटाशीनंही रंग निघतो, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं: घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासूनची आहे. त्याआधीचा थर फार तापवू नका, कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

२३. मी गरोदर आहे, शेजारी हे काम चालू आहे. किंवा: सासऱ्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे.

दोघांनीही त्या दिवशी दुसरीकडे राहायला जावं. गर्भाचं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड जास्त घट्ट धरतं, आणि अँजायनावाल्याच्या हृदयाला प्राणवायूची तूट कमी पातळीलाही सोसत नाही.

२४. डीकॅफ कॉफीत हेच असतं म्हणे?

काही कंपन्या कॅफिन काढायला वापरतात. अमेरिकेत भाजलेल्या डीकॅफमध्ये १० पीपीएमपर्यंत चालतं, भाजताना बहुतेक उडून जातं. माझी मुख्य तक्रार चवीबद्दल आहे.

२५. मुलाचं ‘पाणी पिणारा पक्षी’ हे डुलणारं काचेचं खेळणं फुटलं, आतलं लाल पाणी फरशीवर सांडलं. विष आहे का?

आत बहुतेक एमडीसीच असतं, रंग घातलेलं. पक्ष्याचं ओलं डोकं पाणी उडून गार पडतं, डोकं आणि पोट यांच्या तापमानातल्या जराशा फरकानं आतलं द्रव वर चढतं, म्हणून तो पक्षी डुलत राहतो. द्रव काही मिलिलिटरच असतं. मुलाला बाहेरच्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, पंखा लावा. जमिनीवर गादी असेल तर ती उचला. अर्ध्या तासानं काचा झाडून घ्या, फडकं गच्चीत वाळवून मग टाका. मुलानं तोंडात घातलं असेल तर प्रश्न १५. फरशीवरचा लाल डाग मात्र राहील, तो एमडीसीचा नाही, रंगाचा आहे.